पाठ फिरवून पाहिलेली होड्यांची शर्यत

पंचायत समितीत मुख्यसेविका म्हणून मला एकवीस वर्षं झाली, तरी मी नेमकं काय करते हे वडनेर भोलजीच्या माझ्या सासऱ्यांना अजून कोणाला सांगता येत नाही. विचारलंच कोणी, तर ते म्हणतात, "सून सरकारात हाये. चुली मोजते."

हे अगदीच खोटं नाही. बायकांच्या भल्याचं काय ते मुंबईत ठरतं. बिनधुराची चूल, परसबाग, शिवणवर्ग, बालवाडी, सकस आहार. ते कागदावरून आमच्या तालुक्यात येतं. मग मी ग्रामसेविकांना घेऊन गावोगावच्या महिला मंडळांत जाते आणि ते बायकांना पटवून देते. बायका चहा पाजतात आणि ते आपल्या कामाचं का नाही हे मला पटवून देतात. परत येऊन मी सरकारला पटेल अशा भाषेत अहवाल लिहिते. एवढीच माझी नोकरी.

चुलींचं म्हणाल तर पिंपळगाव राजाकडच्या एका वस्तीत आम्ही घरोघर बिनधुराच्या चुली घालून दिल्या होत्या. सहा महिन्यांनी तपासणीला गेले, तर एकूण एक चूल शाबूत. सारवलेली, हळदकुंकू लावलेली. मी खूश होऊन वहीत बरोबरच्या खुणा करत सुटले. शेवटच्या घरी लक्षात आलं की स्वयंपाक शेजारी मांडलेल्या तीन दगडांवर चाललाय. विचारलं तर घरची बाई म्हणाली, "एवढ्या चांगल्या चुलीवर कोनी सैपाक करते काय बाई? काळी होईन ना ते."

तेव्हापासून मी नुसत्या खुणा करत नाही, शेजारी काय दिसलं तेही लिहिते. वही मात्र सोडली नाही. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली वही माझ्या पिशवीत कायम असते आणि जे यादीत नाही ते कार्यक्रमात होत नाही, असा माझा नियम आहे. हा नियम एकदाच मोडला. ती गोष्ट सांगते.

आमच्याकडे एक गटविकास अधिकारी बदलून आले होते. कोकणातले. त्यांच्या गावी म्हणे मागचं दार उघडलं की खाडी. आमच्या तालुक्यात मागचं दार उघडलं की तुरी. ते बिचारे रोज संध्याकाळी जीप काढून धरणावर जायचे, पाण्याकडे बघायचे आणि परत यायचे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र उघडं होतं. परदेशात जगभरच्या खेळाडूंचे मोठे सामने भरले होते आणि त्यात बायकांच्या होड्यांच्या शर्यती झाल्या होत्या. फोटोही छापला होता.

"बघा बाई," साहेब म्हणाले. "जगातल्या बायका होड्या मारतायत. आणि आपल्या महिला मेळाव्यात काय? लिंबू-चमचा!"

लिंबू-चमचा दर वर्षी मीच घ्यायची, म्हणून जरा लागलं. "साहेब, लिंबू-चमच्याला बायका येतात. पाण्यात कोण उतरणार?"

"धरण आहे की नाही?"

"आहे."

"महिला मंडळं आहेत?"

"आहेत."

"मग राहिलं काय?"

राहिलेल्या गोष्टींची यादी मी त्याच रात्री केली. ती दोन पानं झाली. पण ती दाखवायच्या आत साहेबांनी सरपंचांच्या बैठकीत भलतंच जाहीर करून टाकलं.

झालं होतं असं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते पळसोडी आणि बोरखेडी या दोन गावांच्या मधोमध येऊन बसलं. आधी चालत अर्ध्या घटकेचं अंतर, आता सडकेनं वळसा घालून आठ मैल. सातवीपर्यंतची शाळा, आठवडी बाजार आणि दवाखाना बोरखेडीत. उलट बोरखेडीच्या निम्म्या लोकांची वावरं पळसोडीच्या काठाला राहिलेली. सरकारनं एक होडी मंजूर केली. निळी, नवी कोरी. ती दोन वर्षं आमच्या कचेरीच्या आवारात पालथी पडून होती आणि तिच्या सावलीला बकऱ्या बसायच्या. कारण भांडण एकच होतं. होडी मुक्कामाला कोणत्या काठाला बांधायची? सकाळी होडी ज्या काठाला, सकाळ त्या गावाची. बोरखेडीच्या माणसांना तांबडं फुटताच वावरात जायचं, पळसोडीच्या पोरींना शाळेत. दोन्ही अर्जांवर शेरे पडत गेले आणि फाईल जाड होत गेली.

साहेब बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "जे गाव बायकांची शर्यत जिंकेल, होडी त्याच्या काठाला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहायची थांबले.

तिसऱ्या दिवशी पळसोडीची कौसल्या आठ मैल चालत कचेरीत आली. तिशीची असेल. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, साहेब बोलले ते खरं हाये काय? जितलो तं होडी आमची?"

"खरं आहे."

"माही पोट्टी चौथी पास झाली, त्याले आता दुसरं वरीस लागलं. घरीच हाये. चौथीचं बुक पाठ झालं तिचं. आता उलटीकडून म्हनून दाखवते."

"आणि पुढे?"

"पुढं काय? अजून एक वरीस घरी राह्यली की लगनाचं काढतीन घरचे." तिनं आवाज खाली आणला. "माहं माहेर पूर्णेच्या काठचं हाये बाई. मले पवता येते. माहं नाव लिवा."

मी लिहिलं. नियमाप्रमाणे ते यादीत पहिलं नाव होतं, म्हणजे आता शर्यत होणार होती.

वर्तमानपत्रातला तो फोटो घेऊन मी पळसोडीला गेले. मारुतीच्या पारावर बायका जमल्या. फोटो हातोहात फिरला. लांबुडकी होडी, तीत एकामागे एक बसलेल्या आठ बायका, सगळ्यांची तोंडं एकीकडे. टोकाला मात्र एक बारकीशी बाई त्यांच्याकडे तोंड करून बसलेली. तिच्या हातात वल्हं नाही, तोंड तेवढं उघडं.

"होडी कोनीकडं चालली हे?"

मी साहेबांनी शिकवलं तसं सांगितलं, "बायकांची पाठ जिकडे, तिकडे."

"म्हंजे मांगं चालली?"

"नाही, पुढेच चालली आहे. बायका फक्त मागे बघतात."

"अवं माय! मंग पुढं कोन पाह्यते?"

"ही टोकावरची."

"आन् हिच्या हाती वल्लं काऊन नाई?"

"ती वल्हं मारत नाही. ती नुसतं सांगते. कोण मागे पडलं, कुणाचा हात चुकला, कोण कामचुकारपणा करतंय ते बघते आणि ओरडते."

फोटो पुन्हा एकदा हातोहात फिरला. मग मागून एक बारीक आवाज आला. "म्हंजे सासू."

पारावर असा हशा झाला की मारुतीपुढची घंटा वाजवणारा माणूस थांबून बघायला लागला. पण हसता हसता गोष्ट ठरूनही गेली. चार सुना वल्ह्यांवर, एक सासू टोकावर. मी वहीत तसे रकाने पाडले. पुढे साहेबांनी ते वाचलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, पण खोडलं नाही.

पळसोडीत टोकावर बसण्याजोगी सासू एकच होती, कौसल्याची. अनसाबाई. तिनं अंगणातून हाक मारली की वावरातला बैल वळून बघायचा. पण ती तयार होईना.

"आपल्याले जमत नाई. पोट्टीच्या शाळेपाई मी या वयात पान्यात बसू? चार बुकं शिकली, लय झालं."

कौसल्या खाली मान घालून बसली होती. मी वहीचं पान उलटलं आणि जे लिहिलेलं होतं तेच वाचलं. "बोरखेडीच्या होडीत गयाबाई बसणार आहेत."

गयाबाई अनसाबाईची विहीण. अनसाबाईची मुलगी तिच्या घरी दिलेली. नऊ वर्षांपूर्वी त्या लग्नात गयाबाईनं भर पंगतीत म्हटलं होतं की वरण पातळ आहे.

"कोन? गयी?" अनसाबाईनं तंबाखूची पिशवी गुंडाळून कमरेला खोचली. "लिवा माहं नाव."

शिकवायला किसन भोई मिळाले. तीस वर्षं मासे धरलेला माणूस, आधी नदीत आणि आता धरणात. मच्छीमारांच्या दोन जुन्या होड्या सरावाला आणि शर्यतीला द्यायचं त्यांनी कबूल केलं, पण पद्धत त्यांना पटेना. "बाई, मी जलमभर समोर पाहून होडी हाकलली. आता मांगं पाहून हाकलाले शिकवू?"

पहिल्या दिवशी बायका होडीत बसल्या त्या आपल्या सवयीनं, समोरासमोर जोड्या करून. जात्यावर दोघी बसतात तशा. अनसाबाईनं "ओढा!" म्हटल्याबरोबर चौघींनी जीव खाऊन वल्ही आपापल्याकडे ओढली. दोघी इकडे, दोघी तिकडे. पाणी एवढं उडालं की काठावर मी भिजले. होडी जागची हलली नाही. अर्धा तास त्या ओढत होत्या आणि होडी समाधी लागल्यासारखी उभी होती.

"दळन चांगलं झालं," किसनभाऊ म्हणाले. "आता होडी चालवू."

मग सगळ्यांची तोंडं एकीकडे केली. तर होडी गोल फिरायला लागली, कारण उजव्या बाजूच्या दोघी रोज पायलीभर ज्वारी दळणाऱ्या आणि डाव्या बाजूच्या दोघी नवी गिरणी असलेल्या माहेराहून आलेल्या. दर फेरीला बाजू बदलायच्या, असं ठरवलं. वहीत लिहिलं. होडी सरळ जायला लागली, किंवा निदान वाकडी जायची तर दोन्हीकडे सारखी.

बोरखेडीची होडी ओवीच्या चालीवर चालायची. गयाबाईचा गळा गोड. अनसाबाईला असली थेरं मान्य नव्हती. "ओढ! ओढ वं! भाकर खाल्ली नाई काय? ओढ! कौसल्ये, तुहं वल्लं पानी कापून राह्यलं का लोनी काढून राह्यलं?" कौसल्या एक शब्द न बोलता ओढायची. नऊवारी लुगड्यासारखा खेळाचा पोशाख नाही, हे मला तिच्याकडे बघून कळलं. काष्टा घट्ट, हात मोकळे. फक्त पदर.

पदराची अडचण तिसऱ्या दिवशी समजली. होडी मजेत चालली होती. इतक्यात अनसाबाईचे मालक नामदेवराव म्हशीला पाणी पाजायला काठावर आले. चौघींनी त्यांना बघितलं आणि चारी वल्ही एकदम सुटली. आठ हात डोक्याकडे गेले, पदर घेतले गेले, आणि वल्ही आपापल्या वाटेनं पोहायला लागली. किसनभाऊंना ती गोळा करायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी एका सुनेचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, काठावरनं सायकलनं गेला. पुन्हा तेच.

"वल्हं सोडू नका," मी म्हटलं.

"आमी कुठी सोडतो बाई?" कौसल्या म्हणाली. "हात जाते. डोकं सांगतच नाई, हातच जाते."

मला ते पटलं. माझे स्वतःचे सासरे कचेरीत आले की माझ्या हातची पेन्सिल पडते.

पण दोन दिवस विचार करून मी तोड काढली. वल्हं मारणारीचं तोंड मागे असतं. म्हणजे होडी जिकडे चालली तिकडचं तिला काही दिसत नाही. मग पुरुष मंडळी सगळी शेवटच्या निशाणापाशी बसवायची! होडी त्यांच्याकडे पाठ करूनच येणार. मी वहीत नकाशा काढला. सुरुवातीला बायका-मुलं, शेवटी मांडव, खुर्च्या, पुरुष. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही सैन्यात जायला हवं होतं." माझ्या नोकरीतला तो सगळ्यात हुशार निर्णय होता, असं मी शर्यतीच्या दिवशी दुपारपर्यंत समजत होते.

दसरा होऊन गेला होता, कापूस वेचायला जोर यायचा होता. धरण भरलेलं. मांडव पडला, केळीचे खांब उभे राहिले, भोंगा लागला. निळी होडी आणून काठावर पालथी ठेवली होती, झेंडूची माळ घालून. माझी यादी पूर्ण होती. ट्रकच्या ट्यूबा, कोरडी लुगडी, चहाचं पातेलं, दोन निशाणं, शिट्टी. परीक्षक दोन, शाळेचे हेडमास्तर आणि पोलीस पाटील, दोघेही शेवटच्या निशाणापाशी. पाहुणे म्हणून पंचायत समितीचे सभापती. ते बोरखेडीचेच आणि त्यांच्या दोन सुना बोरखेडीच्या होडीत. मी आणि किसनभाऊ मागे तिसऱ्या होडीत, कोणी पडलं तर काढायला.

सभापतींनी पाण्याचं महत्त्व सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग गयाबाईनं तक्रार केली की अनसाबाईची होडी बोटभर पुढे आहे. ती मागे घेतली. मग अनसाबाईनं तीच तक्रार केली. तिकडे मांडवात नामदेवरावांचा धीर सुटला. "इथून काईच दिसत नाई बे, चाला तिकडं," म्हणत ते काठाकाठानं सुरुवातीच्या बाजूला निघाले आणि त्यांच्यामागे दोन गावांचे निम्मे पुरुष. मला ते दिसलं. पण तोवर माझ्या तोंडातली शिट्टी वाजली होती.

होड्या सुटल्या. खरं सांगते, तोपर्यंत मला हा सगळा पोरखेळ वाटत होता. पण त्या आठ जणींनी पहिलं वल्हं मारलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अनसाबाई ओरडत होती, गयाबाई गात होती, पाणी कापलं जात होतं. कौसल्या दात आवळून ओढत होती. निम्म्या अंतरावर पळसोडी हातभर पुढे होती.

आणि नेमक्या तिथे, काठावर, नामदेवराव आणि मंडळी उभी. होड्या त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि वल्हं मारणाऱ्या सुनांना समोरच सगळे सासरे, भासरे, काके ओळीनं दिसायला लागले. त्यातून नामदेवराव धोतराचा सोगा वर धरून नाचत होते. "हाण! हाण वं सूनबाई!" पळसोडीचं एक वल्हं सुटलं. मग बोरखेडीचं एक. कौसल्याचा उजवा हात वल्ह्यावरून उचलला गेला, तो मी पाहिला. अर्ध्या हवेत थांबला. डोक्याकडे जाऊ की वल्ह्याकडे, असा.

तेवढ्यात अनसाबाई होडीत उभी राहिली. "ओ सोन्याचे बाबा! तोंड फिरवा तिकडं! पाठ करा! सासरे-भासरे असान तेवढे सारे पाठ करा!"

नामदेवराव गर्रकन फिरले. लग्नाला चाळीस वर्षं झालेला माणूस, कारण विचारत बसला नाही. त्यांच्याबरोबर बाकीचे फिरले, कारण आमच्याकडच्या गावात प्रत्येक पुरुष कुणाचा ना कुणाचा सासरा नाहीतर भासरा लागतोच, आणि जो लागत नाही त्यानं एकट्यानं बघत राहणं बरं दिसत नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण भोंग्यावरच्या माणसाला वाटलं, ही सूचना आहे. त्यानं ती सगळ्यांसाठी जाहीर केली. "समस्त पुरुष मंडळींना नम्र विनंती, कृपया पाठ फिरवावी!"

सभापती खुर्चीवरून उठले आणि फिरले. पाहुणे फिरले म्हणून साहेब फिरले. साहेब फिरले म्हणून हेडमास्तर आणि पोलीस पाटील निशाणं हातात धरून फिरले. इकडे माझ्या होडीत किसनभाऊ फिरले.

"किसनभाऊ, पुढे बघा!"

"कसं पाहू बाई? साऱ्या भावाच्या सुना हायेत मले!"

आमची होडी काठाच्या बेशरमाच्या झुडपांत घुसली. डोक्यातल्या काटक्या काढून मी बाहेर बघेपर्यंत दोन्ही होड्या निशाणं ओलांडून पुढच्या चिखलात रुतल्या होत्या. सगळा तालुका डोंगराकडे तोंड करून शांत उभा होता. बराच वेळ उभा होता, कारण परत फिरायला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी सभापतींनी डोंगरालाच विचारलं, "झालं काय?"

"झालं. फिरा आता," अनसाबाई म्हणाली.

"कोण जितलं?"

"आमी!" दोन सासवा एकदम म्हणाल्या.

परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. नांदुऱ्याहून बोलावलेला फोटोग्राफर गर्दीच्या मागे उभा होता, त्याच्याकडे सगळ्यांनी आशेनं पाहिलं. त्यानं फोटो काढला होता, चांगला निघाला. तो आजही कचेरीत लावलेला आहे. त्यात शंभरेक पुरुष कॅमेऱ्याकडे गंभीरपणे बघत उभे आहेत. पाणी कुठेही नाही. खाली लिहिलंय, "महिला मेळावा".

साहेब म्हणाले, शर्यत पुन्हा घेऊ. सुना म्हणाल्या, म्हशी दोहायची वेळ झाली. सभापती म्हणाले, मग चिठ्ठी टाकू.

"चिठ्ठी नाई," कौसल्या म्हणाली.

तिला पुरुषांत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. ती चिखलात गुडघाभर उभी होती, पदर डोक्यावर होता, आणि तिनं दोन्ही तळहात पुढे केले. फोड फुटून साल निघाली होती. "मी चिठ्ठीसाठी नाई मारलं वल्लं. माहं जितलेलं असन तं मले द्या. हरलेलं असन तं तसं सांगा. पन कोन्या पोट्ट्यानं डब्यातून कागद काढाचा अन् त्याच्यावर माह्या पोरीची शाळा ठरवाची, हे नाई."

सभापती साहेबांकडे बघायला लागले. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी वहीत बघायला लागले. वही भिजली होती.

अनसाबाई आणि गयाबाई मात्र बाजूला जाऊन त्या निळ्या पालथ्या होडीवर बसल्या होत्या. दोघींच्यात तंबाखूची पिशवी. ओरडून घसे बसले होते, म्हणून हळू बोलत होत्या. मी जवळ गेले तेव्हा कानावर आलं ते असं.

"तुले सकाळी होडी कायले पाह्यजे?" गयाबाई विचारत होती.

अनसाबाईनं तंबाखू मळायची थांबवली. सुनेच्या हातांकडे बघितलं. "नात शाळेत जाते," ती म्हणाली.

"मंग पोट्ट्या सोडून होडी वापस रिकामीच जाईन काय?"

"रिकामी काऊन जाईन? तुहे मानसं बसव. वावरात उतरवून देऊ."

"आमच्या मानसाईले तांबडं फुटताच जा लागते."

"तं पोट्ट्या तवाच येतीन. शाळेच्या वट्ट्यावर बसतीन."

"थंडीच्या दिसात वट्ट्यावर? भलतंच. माह्या चुलीपाशी बसतीन. च्या देईन."

"पातळ देऊ नको."

"तुह्या वरनापेक्षा घट्ट राहीन."

झालं. संध्याकाळी उलटं, वावरातली माणसं इकडे, पोरी तिकडे. होडी पळसोडीला बांधायची आणि एकही खेप रिकामी जायची नाही. दोन वर्षांची फाईल पाच मिनिटांत संपली.

अहवालात निकालाच्या जागी साहेबांनी "दोन्ही संघ विजयी" असं लिहिलं. मला मात्र त्या दिवशी झोप लागली नाही. माझ्या वहीत दोन्ही गावांच्या गरजा वेळेसकट लिहिलेल्या होत्या. पळसोडी डाव्या पानावर, बोरखेडी उजव्या. दोन्ही पानं एकमेकांकडे तोंड करून दोन वर्षं पडली होती आणि मी ती एकदाही एकत्र वाचली नव्हती. त्या दोघींना एका जागी बसवून विचारावं, हे माझ्या कुठल्याच यादीत आलं नाही. कौसल्याच्या पोरीचं जे एक वर्ष चौथीचं पुस्तक उलटं म्हणण्यात गेलं, त्यातला काही भाग माझ्या नावावर आहे.

होडी चालवायची कोणी, हाही प्रश्न आला. पळसोडीच्या पुरुषांना होडी येत नव्हती. येत होती ती त्या आठ जणींनाच. म्हणून पाळ्या लावल्या. ती यादी मी केली आणि ती बरोबर झाली.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी मी मुद्दाम आदल्या दिवशी पळसोडीला मुक्काम केला. पहाटे पाण्यावर धुकं होतं. कौसल्या वल्ह्यावर बसली. हात बरे झाले होते. होडीत नऊ पोरी दाटीवाटीनं बसल्या, तेल लावून, घट्ट वेण्या घालून, मांडीवर पाट्या. कौसल्याची पोर सगळ्यांत पुढे. अनसाबाईचं नाव पाळ्यांत नव्हतं, आणि टोकावर सासू बसवायची आता गरजही नव्हती. तरी ती येऊन बसलीच. तिनं कोणाला विचारलं नाही.

बोरखेडीच्या काठाला लागलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वावरात जाणारी माणसं विळे-दोर घेऊन उभी होती, ती होडीत चढली. शाळा अकराची. गयाबाई चहा घेऊन दारात उभी. पण अनसाबाई तिच्याकडे वळली नाही. नऊ पोरींची रांग घेऊन ती तडक शाळेवर गेली. हेडमास्तर शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचे. दार बंद होतं, आत घोरणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "अनसाबाई, अजून पाच तास आहेत."

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोरींना ओळीत उभं केलं, नातीचा झगा नीट केला आणि दारावर थाप मारली.

"गुरुजी, उठा! पाचवी आली!"